शुक्रवारची खोटी लिंक

मी कॉम्प्युटरची शिक्षिका आहे हा मुळात एक गैरसमज आहे, आणि तो पसरवण्यात माझाच मोठा हात आहे. माझी नेमणूक झाली होती भूगोलासाठी. घणसोलीच्या आमच्या शाळेत मी रुजू झाले त्याच वर्षी हेडसरांच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला. क्लार्क रजेवर होता. मी झाकण उघडलं, कागद ओढला, तो निघाला. बस्स, एवढंच. पण हेडसरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीही खुलले आणि म्हणाले, "त्यात काय सर, सोपं असतं." त्या एका वाक्याने माझं वाटोळं केलं. पुढच्या जूनमध्ये वेळापत्रक लागलं तेव्हा माझ्या नावापुढे भूगोलाच्या जोडीला कॉम्प्युटर होता. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. स्टाफरूममध्ये कोणाचाही फोन अडला की "मॅडमना विचारा" असं सगळे म्हणायचे, ते मला फार आवडायचं.

मग दोन वर्षांपूर्वी हेडसरांनी एक छोटी लिंक दाबली. "तुमचं पार्सल अडकलं आहे, पत्ता दुरुस्त करा" असा मेसेज होता. सरांनी कसलंही पार्सल मागवलं नव्हतं. पण अडकलंय म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यानंतर त्यांच्या नंबरावरून अख्ख्या स्टाफला आणि पालकांना वजन कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात गेली. आमच्या हिंदीच्या बाई दोन दिवस सरांशी बोलत नव्हत्या. "मलाच का पाठवली?" असं त्या म्हणत होत्या, आणि सगळ्यांनाच आलीय हे त्यांना पटवायला आम्हाला आपापले फोन त्यांच्यापुढे धरावे लागले. तिसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, मुलांना हे शिकवा. लिंक कशी तपासायची ते. दहावीपासूनच सुरू करा." सर स्वतः मात्र माझ्या तासाला कधी बसले नाहीत.

मला हे काही येत होतं असं नाही. मी आदल्या रात्री वाचायचे आणि सकाळी असं शिकवायचे जणू जन्मापासून हेच करतेय. पण शिकवलं मात्र मनापासून. छोटी लिंक म्हणजे मूळ लांबलचक पत्त्याला घातलेलं झाकण, तेव्हा झाकण उचलल्याशिवाय आत काय आहे कळत नाही, हे आधी सांगितलं. लिंक दाबायची नाही, तिच्यावर बोट ठेवून धरायचं आणि कॉपी करायची. लिंक उलगडून दाखवणाऱ्या साइट असतात, तिथे ती चिकटवायची, म्हणजे न उघडताच खरा पत्ता दिसतो. तो पत्ता डोळे फाडून वाचायचा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिच्या अगदी अलीकडचे शब्द महत्त्वाचे, कारण खरा मालक तिथे बसलेला असतो. बाकी पुढेमागे कोणी कितीही सरकारी नावं लिहू देत. मग बघायचं की ते पान आपल्याकडे काय मागतंय. ओटीपी मागत असेल तर देवाने मागितला तरी द्यायचा नाही. आणि एवढं करूनही मनात शंका राहिली, तर ज्याने लिंक पाठवलीय त्याला सरळ फोन लावून विचारायचं.

आमच्या वर्गात बरीचशी मुलं तळवली, घणसोली गावठाणातली, आगरी-कोळ्यांच्या घरातली. झाकणाचं ऐकून पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, म्हंजे मासली घेताना कल्ले उचलून बघतात तसा. वरनं चकचकीत असली म्हनून घ्याची नाय." तिची आई बाजारात मासळी विकते. मी एवढी खूश झाले की पुढच्या वर्गात ते कल्ल्यांचं उदाहरण माझंच म्हणून सांगितलं.

ही मुलगी तळवलीची. ती कमी बोलायची, पण जे सांगितलं ते करून बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. तिला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. घरातला मिक्सर, शेजारणीची इस्त्री, गणपतीतलं लायटिंग, सगळं तीच उघडून बसायची. वडील पावणे गावातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये कामाला. घरी ठरलं होतं की पोरीने जवळच्या कॉलेजात आर्ट्स घ्यावं, कारण डिप्लोमाची फी त्यांना झेपणारी नव्हती. हे ती मला कधी रडून सांगत नव्हती. प्रयोगशाळेतला जळका प्लग काढता काढता एकदा सहज बोलून गेली.

तर, नुसतं शिकवून माझं समाधान होईना. पोरं मान डोलावतात आणि घरी जाऊन काहीही दाबतात हे मला माहीत होतं. म्हणून मी एक शक्कल काढली. दर शुक्रवारी दुपारी वर्गाच्या ग्रुपवर मी स्वतःच एक खोटी छोटी लिंक टाकायची. "दहावीचं वेळापत्रक बदललं, ताबडतोब पाहा!" किंवा "सहलीचे फोटो!" किंवा "फुकट रिचार्ज, फक्त आज!" कोणी ती दाबली की एक पान उघडायचं. त्यावर नाव आणि हजेरी क्रमांक भरायला जागा असायची. भरतात हो! इतकं शिकवूनही भरतात. आणि भरून पुढे गेलं की माझा फोटो यायचा, एक बोट उगारलेला, खाली मोठ्या अक्षरात "सापडलास!" तो फोटो आमच्या बाल्कनीत नवऱ्याने काढला होता. "जरा रागावलेली दिस," तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "नको, राहू दे, आहे तसंच ठीक आहे." त्यात मी नगरसेवकपदाला उभी राहून पडलेल्या बाईसारखी दिसते. सोमवारी वर्गात मी सापडलेल्यांची नावं वाचायचे, आणि आवाजात असा काही आनंद असायचा की आता आठवून लाज वाटते.

पहिल्या महिन्यात अर्ध्याहून जास्त वर्ग सापडला. दिवाळीनंतर चारपाच जण. जानेवारीत एकच उरली, मागच्या बाकावरची एक गोड, गोंधळी मुलगी. तिला लिंक दिसली की बोट आवरायचं नाही. तीच ती लिंक दोनदा दाबून दोनदा सापडायची. बाकी कोणी म्हणून सापडेना. मी हेडसरांना सांगितलं, सरांनी आणखी चार शाळांच्या हेडसरांना सांगितलं, आणि फेब्रुवारीत मी त्या शाळांच्या शिक्षकांपुढे बोलावं असं ठरलं. मी भाषणाची तयारीही सुरू केली. आरशासमोर. कपाळ माझं!

पोरांनी माझ्या फोटोचं स्टिकर बनवलं होतं. शुक्रवारी लिंक आली की ग्रुपवर माझं उगारलेलं बोट तीसतीस वेळा यायचं. मला वाटायचं, मुलं सावध झाली. खरं तर मुलं काही तपासतच नव्हती. शुक्रवारी मॅडमची लिंक आली की हात लावायचा नाही, एवढंच ती शिकली होती. कॉपी नाही, उलगडणं नाही, पत्ता वाचणं नाही. सहा महिने घसा कोरडा करून मी मुलांना एक वार पाठ करून दिला होता. पण हे मला तेव्हा कळायला हवं ना.

जानेवारीच्या शेवटी एका शुक्रवारी दुपारी वाशीच्या एका ट्रस्टमधून शाळेत फोन आला. इथल्या गावांतल्या, दहावीनंतर डिप्लोमा करू इच्छिणाऱ्या मुलींची तिन्ही वर्षांची फी तो ट्रस्ट भरतो. आमच्या शाळेचं नाव त्यांच्या यादीत चुकून राहून गेलं होतं. फॉर्म ऑनलाइन, शेवटची मुदत उद्या शनिवार संध्याकाळी पाच. त्यांनी मला लिंक पाठवली. ती एवढी लांब होती की फोनवर चार ओळी भरल्या. वर्गात डिप्लोमा करायचाय म्हणणाऱ्या मुली दोनच, एक ती तळवलीची आणि दुसरी मागच्या बाकावरची. मला इतका आनंद झाला की डोकं चालेनासं झालं. दोघींच्या आयांना फोन करायचा सोडून मी काय केलं? मी तज्ज्ञ ना! मी लिंक छोटी केली, दर शुक्रवारी जिथे करते तिथेच. आणि ग्रुपवर लिहिलं, "अत्यंत महत्त्वाचे!! डिप्लोमाची पूर्ण फी मोफत!! उद्या शेवटची तारीख, ताबडतोब फॉर्म भरा!!"

घाई, फुकट आणि उद्गारचिन्हं. फसव्या मेसेजची हीच तीन लक्षणं मी फळ्यावर लिहून, खाली रेघ मारून, वर्षभर शिकवली होती. त्यातलं एकही मी सोडलं नाही.

रिक्षात बसले आणि ग्रुपवर स्टिकरांचा पाऊस पडला. माझं बोट, माझं बोट, माझं बोट. मला वाटलं, आभार मानतायत पोरं. मी खाली हात जोडलेलं चित्र टाकलं आणि फोन पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि जुईनगरला भाच्याची हळद होती. मी तिकडे गेले आणि नाचले. त्या फॉर्मचा विचार मनाला शिवलाही नाही, कारण मी माझं काम चोख केलं होतं असं मला वाटत होतं.

सोमवारी वर्गात पाऊल ठेवलं तर अख्खा वर्ग खुशीत. मी म्हटलं, "काय रे, फॉर्म भरला का मुलींनी?" त्यावर टाळ्या पडल्या. खरोखर टाळ्या. एकजण उभा राहून म्हणाला, "मॅडम, या वेळी खतरनाक टाकली होती तुम्ही! डिप्लोमाची फी वगैरे! पण कोणी नाय सापडलं!" मागच्या बाकावरच्या मुलीकडे सगळ्यांनी हसून बघितलं. ती बिचारी खाली मान घालून म्हणाली, "मी भरला मॅडम. लय लांब होता. मला वाटलं एवढं भरायला लावतायत म्हणजे या वेळी काहीतरी बक्षीस असेल. पण शेवटी तुमचा फोटोच नाही आला."

माझ्या हातातला खडू खाली पडला. मी म्हटलं, "अरे, ती लिंक खरी होती."

वर्गात इतकी शांतता मी वर्षभर काठी आपटूनही आणू शकले नव्हते. पहिल्या बाकावरची तळवलीची मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "खरी होती?" तिने हळूच विचारलं. मग तिने वही उघडली आणि तास संपेपर्यंत वर बघितलं नाही. शक्य असतं तर मी तिथेच फरशीत गडप झाले असते, पण पुढचा तास भूगोलाचा होता आणि तोही माझाच होता.

मधल्या सुट्टीत ट्रस्टला फोन केला. तिकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मुदत संपली की संपली मॅडम. पण गुरुवारी मुलाखती आहेत. मुलीला घेऊन या, शेवटी वेळ उरला तर बोलू तिच्याशी. उशीर का झाला याचं शाळेचं पत्र मात्र लागेल."

पत्र लिहायला बसले. "मी मूर्ख आहे" हे शाळेच्या लेटरहेडवर कसं लिहिणार? त्यात फेब्रुवारीतलं ते भाषण. म्हणून लिहिलं, "काही तांत्रिक अडचणीमुळे सदर विद्यार्थिनीस विहित मुदतीत अर्ज सादर करता आला नाही." हेडसरांनी न वाचता सही ठोकली. तांत्रिक अडचण हे शब्द त्यांना दुरूनही ओळखता येतात, दर आठवड्याला तेही कुणाला तरी तेच लिहीत असतात. गुरुवारी वाशीला जाताना बसमध्ये मुलीने पत्र वाचायला मागितलं. वाचून म्हणाली, "मॅडम, कसली अडचण?"

"अगं, असं लिहायचं असतं," मी म्हटलं. पत्राची घडी तिने अगदी होती तशी घातली.

ट्रस्टच्या ऑफिसात सकाळपासून बसलो. मागच्या बाकावरची मुलगी तिच्या आईबरोबर आली, आत गेली, दहा मिनिटांत हसत बाहेर आली. "सोप्पं होतं मॅडम!" म्हणाली आणि आईचा हात धरून पाणीपुरी खायला गेली. मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू, आला. वर्षभर जिला मी फळ्यासमोर उभी करून सावधगिरी शिकवली तिचं काम झालं होतं, आणि जिला सगळं येत होतं ती माझ्या शेजारी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

चारच्या पुढे आम्हाला आत बोलावलं. टेबलामागे त्या बाई आणि एक वयस्कर गृहस्थ, पूर्वी कुठल्याशा कारखान्यात इंजिनीअर असलेले. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला.

"तांत्रिक अडचण म्हणजे नेमकं काय?"

"नेटवर्क," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

"शुक्रवार दुपार ते शनिवार संध्याकाळ नेटवर्क नव्हतं? तुमच्याच वर्गातल्या मुलीने शुक्रवारीच फॉर्म भरलाय." मग ते मुलीकडे वळले. "बाळ, तुला इलेक्ट्रिकल करायचंय ना? मग दीड दिवसात एक फॉर्म नाही भरता आला?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. "चुकलं माझं," ती म्हणाली. "राहून गेलं."

गृहस्थांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहायला पेन उचललं. आता ते काय लिहिणार हे मला दिसत होतं. बेफिकीर, गंभीर नाही, असलंच काहीतरी, आणि एकदा ते लिहिलं की ही पोर आर्ट्सला जाणार होती. मी म्हटलं, "थांबा सर. राहून गेलं नाही. खोटं बोलतेय ती, माझ्यासाठी. आणि मीही खोटं लिहिलंय."

मग मी सगळं सांगितलं. प्रिंटरपासून नाही, पण जवळजवळ तिथपासूनच. शुक्रवारच्या खोट्या लिंका, नावांचं वाचन, स्टिकर. फोन काढून तो बोट उगारलेला फोटोही दाखवला. बाई हसायला लागल्या, गृहस्थांनी तर फोन हातात घेऊन जवळून बघितला आणि "बापरे" म्हणाले. मला जरा धीर आला. मी आणखी रंगवून सांगू लागले. म्हटलं, "सर, माझी चूक एवढीच की मी फार चांगलं शिकवलं. मुलं इतकी सावध झाली, इतकी सावध झाली की खऱ्या लिंकेवरही त्यांचा विश्वास बसेना. हिला तर सगळ्यात जास्त येतं. म्हणूनच हिने फॉर्म उघडलासुद्धा नाही." बघा, कबुली द्यायला बसले होते आणि त्यातही स्वतःची पाठ थोपटून घेतली.

बाईंनी मुलीला विचारलं, "असं आहे का? तुला लिंक खोटी वाटली?"

मुलीने मान हलवली. मग म्हणाली, "नाय."

"नाही?"

"खरी होती ती. मी कॉपी करून उलगडून बघितली शुक्रवारीच. तुमच्या ट्रस्टचा पत्ता होता. मॅडमच्या नेहमीच्या लिंका दुसऱ्याच पत्त्यावर जातात. मग इथे आधी कोणाला फी मिळालीय का ते शोधलं, तर तळवलीचीच एक ताई निघाली. तिला जाऊन विचारलं. मग बाबांकडनं कागद घेतले, फोटो काढला. शनिवारी दुपारी पूर्ण फॉर्म भरला." ती थांबली. "फक्त सबमिट दाबायचं राहिलं होतं."

"मग का नाही दाबलंस?" गृहस्थ पुढे वाकले.

"त्याच्यात बाबांचं आधार होतं, बँकेचं पासबुक होतं. बाबा म्हणाले, एवढं देतेस तर एकदा मॅडमला विचारून घे. मलापण वाटलं विचारावं. आईच्या फोनवरनं मॅडमना फोन लावला. पहिल्यांदा वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा..." ती आता माझ्याकडे वळली, अगदी माफी मागितल्यासारखी. "दुसऱ्यांदा तुम्ही कट केला मॅडम. मला वाटलं, कट केलात म्हणजे नको भरू असंच सांगताय. तुम्ही परीक्षा घेताय. म्हणून नाय दाबलं."

मी फोन उघडून शनिवारचे कॉल बघितले. होता. अनोळखी नंबर, दुपारी पावणेचारच्या सुमारास, दोनदा. आणि मला सगळं आठवलं. हळदीचे हात, ढोलकीचा आवाज, वहिनीने फोन माझ्यापुढे धरला होता, "अहो वन्सं, कुणाचा तरी येतोय." मी नंबर बघितला आणि मोठ्या रुबाबात म्हणाले होते, "अनोळखी आहे. आपण असले उचलत नाही." आणि कोपराने कट केला होता. वहिनी म्हणाली होती, "तुम्हाला बाई सगळं कळतं."

त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पण आता हसूनही नाही. "मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा," त्या म्हणाल्या. "आम्हाला हिच्याशी बोलायचंय."

मी बाहेर बाकड्यावर येऊन बसले. वर्गातून बाहेर काढलेल्या मुलांना काय वाटत असेल ते मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. आतून त्या गृहस्थांचा आवाज येत होता, मग मुलीचा, मग पुन्हा मुलीचाच बराच वेळ. काहीतरी मिक्सरच्या मोटारीबद्दल चाललं होतं. मी तिच्यासाठी देवाला हात जोडले आणि स्वतःसाठी काही मागितलं नाही, तेवढी अक्कल होती.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. जवळ येऊन म्हणाली, "घेतलं, मॅडम. दहावीला मार्क पडले की झालं." आणि मग तिने दप्तर तोंडाशी धरलं आणि रडली. मीही रडले. ऑफिसच्या शिपायाने आम्हाला दोघींना पाणी आणून दिलं.

तिने माझ्याच फोनवरून आईला फोन लावला. आई बाजारात मासळी विकायला बसली होती, मागे कोणीतरी पापलेटाचा भाव करत होतं. पोरीने सांगितलं, आईने ओरडून शेजारणीला सांगितलं, मग म्हणाली, "मॅडमना दे, मॅडमना दे."

मी फोन कानाला लावला.

"मॅडम, तुमी व्हता म्हनून झाला," ती म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "तुमी नसता त पोरीचा काय झाला असता? देव तुमचा भला करो."

आणि सांगते, एक क्षणभर मला बरं वाटलं. एवढं सगळं होऊनही. छाती जरा फुगलीच. मुलगी समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती, डोळे पुसत. तिने काही सांगितलं नसतं, कधीच सांगितलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"नाही हो ताई," मी म्हणाले. "पोरीने सगळं बरोबर केलं होतं. शनिवारी दुपारी तिने तुमच्या फोनवरून मला फोन केला होता, हे भरू का म्हणून विचारायला. मी अनोळखी नंबर बघून तो कट केला. तिचा फॉर्म राहिला तो माझ्यामुळे. आज मिळालंय ते तिचं तिने मिळवलंय."

पापलेटाचा भाव करणारी बाईसुद्धा गप्प झाली असावी. मला वाटलं, आता शिव्या पडतील, आणि पडल्या असत्या तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं.

"मंग उचलाचा ना, मॅडम," ती म्हणाली.